नामिबियाच्या वाळवंटातल्या लॉजवर मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबिया क्षेत्रफळाने भारताच्या साधारण पाव हिस्सा आहे आणि त्याची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. वाळवंटातल्या लॉजवर दिसणारी प्रत्येक वस्तू, टोमॅटोपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत, शेकडो किलोमीटरचा कच्चा रस्ता तुडवत ट्रकने आलेली असते. त्यामुळे आधी न कळवलेली गोष्ट तिथे मिळत नाही. खालची बरीचशी उत्तरं या एकाच कारणातून निघाली आहेत.

ही लॉज नेमकी कुठे असतात?

मुख्यतः दोन भागांत. पहिला भाग दक्षिणेकडचा सोसुसफ्लेई आणि नामिबरँडचा. उंच तांबड्या टेकड्यांची ही खरी वाळू, छायाचित्रांत नेहमी दिसणारी. तिथल्या वाळूच्या समुद्राला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दुसरा भाग वायव्येकडचा डमारालँड आणि काओकोलँड. इथे वाळू कमी आणि दगड जास्त: तांबूस खडकांचे सपाट माथ्याचे डोंगर, मधून कोरड्या नद्यांची पात्रं आणि त्या पात्रांच्या आधाराने जगणारे प्राणी. वाळवंटी हत्ती आणि काळा गेंडा पाहायचा असेल तर दुसरा भाग. टेकड्या, शांतता आणि आकाश हवं असेल तर पहिला. एकाच सहलीत दोन्ही करता येतात, पण त्यासाठी किमान ९ ते १० दिवस हाताशी हवेत.

वाळवंटात प्राणी दिसतात तरी किती?

मसाई मारासारखे कळप डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराशा पदरी पडेल. इथे संख्या कमी आणि अंतर जास्त. सकाळच्या पहिल्या दोन तासांत चार ओरिक्स (लांब सरळ शिंगांची मोठी हरणं), एक शहामृग आणि लांबवर डोंगरी झेब्रे एवढंच दिसणं अगदी नेहमीचं आहे. ज्यांना भरपूर प्राणी पाहायचे आहेत त्यांनी इटोशा राष्ट्रीय उद्यानाचे दोन-तीन दिवस जोडावेत. कोरड्या महिन्यांत तिथल्या पाणवठ्यांवर प्राणी आपणहून जमतात.

वाळवंटात पाहायचं ते प्राण्यांचं जगणं. इथले हत्ती वेगळ्या जातीचे नाहीत. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातले तेच हे हत्ती. पण ते पाण्यावाचून दोन-तीन दिवस काढतात, कोरड्या पात्रातली वाळू उकरून झिरे काढतात आणि पाणी कुठे आहे हे ज्ञान आईकडून पिलाकडे जातं. होआनिब, हुआब आणि उगाब या नद्यांच्या पात्रांत ते हिंडतात. अ‍ॅना नावाच्या बाभूळकुळातल्या झाडाच्या शेंगा त्यांना फार प्रिय आहेत, त्यामुळे अशा झाडांची दाटी दिसली की वाटाडे गाडी हळू करतात.

ओरिक्सच्या शरीराचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढू शकतं. नाकातून थंड झालेल्या रक्तामुळे त्याच्या मेंदूकडे जाणारं रक्त मात्र तेवढं तापत नाही. ही सगळी व्यवस्था प्राणी शांत राहिला तरच पुरते. गाडीने मागे लागून त्याला भर दुपारी पळवलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. वाटाड्याला ‘अजून जवळ घ्या ना’ म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

सिंह आहेत, पण विरळ. किनाऱ्यावरच्या काही सिंहांनी सील आणि पाणकावळे मारून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. सिंह दिसेलच असं कोणी वचन देत असेल तर त्याच्या बाकीच्या वचनांकडेही सावधपणे पाहावं.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर हा सर्वांत सोयीचा काळ. दिवसा २० ते २५ अंश, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. रात्री मात्र पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि कधी शून्यालाही टेकतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुपारी ३५ ते ४० अंश होतात. विदर्भातल्या लोकांना हा आकडा नवा नाही, पण तंबूत वातानुकूलन बहुधा नसतं हे धरून चला. जानेवारी ते एप्रिल पावसाचे दिवस. पाऊस म्हणजे किनाऱ्याजवळ वर्षभरात २० मिलिमीटरही नाही. पूर्वेकडच्या डोंगरांत मात्र मुसळधार सरी येतात आणि तिथलं पाणी कोरड्या पात्रांतून अचानक खाली उतरतं. लॉजवर ऊन असताना ‘नदी आली’ अशी वर्दी येते ती यामुळे. या महिन्यांत पात्रातून जाणाऱ्या वाटा बंद होऊ शकतात. दुसऱ्या बाजूला, चांगला पाऊस झाला तर दगडी माळावर आठवड्याभरात गवत उगवतं आणि ते दृश्य फार सुंदर असतं. ज्यांच्याकडे दोन-तीन दिवसांची सवड आहे त्यांनीच तो धोका पत्करावा.

भारतातून कसं पोचायचं? पिवळ्या तापाची लस लागते का?

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहूकला जावं लागतं. विंडहूकचा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे.

नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाच्या यादीत नाहीत, इथिओपिया आहे. आदिस अबाबाला विमानतळाबाहेर पडलात, किंवा विमानतळावरच १२ तासांहून जास्त थांबलात, तर नामिबियात उतरताना लसीचं प्रमाणपत्र मागितलं जातं. परतताना भारताचे नियम त्याहून कडक आहेत. प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. विमानतळ न सोडलेल्यांना सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा आदिसमार्गे जाणाऱ्यांनी लस घेतलेली बरी. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. वय ६० च्या पुढे असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. सोबत १८ वर्षांखालची मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले ठेवा. आई किंवा वडील यांपैकी एकच जण सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही ठेवा.

लॉजपर्यंत छोट्या विमानाने जावं की गाडीने?

पैशांची फार ओढाताण नसेल आणि दिवस कमी असतील तर विमानाने. विंडहूकहून सोसुसफ्लेई परिसर गाडीने ५ तास, छोट्या विमानाने तासाभराच्या आसपास. होआनिबसारख्या काही ठिकाणी तर बहुतेक पाहुणे विमानानेच येतात, कारण शेवटची वाट पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नसतेच.

ही विमानं म्हणजे ५ ते १२ आसनांची सेसना. तिथे बहुतेकांचं नियोजन सामानावरून बिघडतं. माणशी मर्यादा सहसा २० किलो, काही विमानांत १५. त्यात कॅमेरा, हातातली पिशवी, सगळं आलं. बॅग मऊ कापडी हवी, तळाला चाकं आणि कडक सांगाडा नको. सामान विमानाच्या पोटाखालच्या अरुंद कप्प्यात कोंबावं लागतं आणि कडक बॅग त्या दारातून आत जातच नाही. मोठी बॅग विंडहूकच्या हॉटेलात ठेवून येता येतं, फक्त परतीचा मुक्काम त्याच हॉटेलात घ्या. प्रवाशांचं वजनही आधी विचारतात. ते खरं सांगा, कारण वैमानिक त्या आकड्यावरून इंधन आणि आसनं ठरवतो. १०० किलोच्या पुढे वजन असेल तर जादा आसनाचे पैसे पडू शकतात.

दुपारी वाळवंट तापतं, हवा वर उसळते आणि छोटं विमान बरंच हेलकावतं. पोटात ढवळण्याचा त्रास असेल तर सकाळचं उड्डाण मागा आणि गोळी अर्धा तास आधी घ्या. किनाऱ्याजवळच्या धावपट्ट्यांवर उलटी अडचण. बेंगेला हा समुद्राचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्यामुळे सकाळी दाट धुकं पडतं आणि ते विरेपर्यंत विमान उतरू शकत नाही. याच धुक्यावर इथले भुंगेरे आणि दगडफूल जगतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नसावी. फक्त लॉजवरून निघायच्या दिवशीच भारताचं विमान पकडायचा बेत करू नका. मध्ये विंडहूकची एक रात्र ठेवा.

स्वतः गाडी चालवणं जमेल का?

जमेल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आणि रस्ते रिकामे. सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ठेवा. अडचण आहे ती खडीच्या रस्त्यांची. नामिबियात पर्यटकांचे गंभीर अपघात बरेचदा समोरून येणाऱ्या गाडीमुळे होत नाहीत. एकटी गाडी घसरते आणि उलटते. रस्ता सरळ, रिकामा आणि गुळगुळीत वाटतो, वेग १०० वर जातो, मग एखादं वळण, खोलगट भाग किंवा प्राणी समोर येतो, चालक जोरात ब्रेक मारतो आणि खडीवर चाकांची पकड सुटते. कायद्याने १०० ची मुभा असली तरी ८० ही वरची मर्यादा माना. नव्या चालकाने ६० ते ७० वरच राहावं. ब्रेक हळू, स्टिअरिंग त्याहून हळू.

टायरमधली हवा हा दुसरा मुद्दा. डांबरी रस्त्यासाठी भरलेली हवा खडीवर जास्त होते. टायर दगडावर आपटून फाटतं आणि गाडी उड्या मारते. खडीवर साधारण १.६ ते १.८ बार ठेवा, खोल वाळूत १ ते १.२ बारपर्यंत उतरवा आणि वाळू संपताच पुन्हा भरा. कमी हवेने वेगात गेल्यास टायर तापून फुटतं. म्हणून हवा भरायचा छोटा पंप आणि दाबमापक या दोन वस्तू गाडीत हव्यातच.

गाडी भाड्याने घेताना कार्यालयातच पुढची तपासणी करा, तिथले लोक घाईत असले तरी:

- जादा चाकं दोन आहेत ना, आणि दोन्हींत हवा आहे ना
- जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायची फळी (फळी नसेल तर जॅक मऊ जमिनीत रुततो)
- विमा नेमकं काय भरून देतो. टायर, काच, गाडीचा तळ, वाळूने झालेलं नुकसान आणि एकट्या गाडीचं उलटणं या गोष्टी पुष्कळदा वगळलेल्या असतात

फोर बाय फोर पिकअप १०० किलोमीटरला १२ ते १४ लिटर इंधन खाते, वाळूत त्याहून जास्त. पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. सोलिटेअर, सेसरीम, खोरिक्सास, कामान्याब आणि पाल्मवाग इथे पंप आहेत, पण एखाद्या दिवशी इंधन संपलेलं असू शकतं. पाणी माणशी दिवसाला ५ लिटर, शिवाय एक जादा कॅन. अंधारात गाडी चालवू नका. कुडू हरणं रस्त्यावर उभी असतात आणि पुष्कळ भाडेकरार रात्रीच्या प्रवासाला मनाई करतात. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. गाडी लांबून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. लॉजला निघण्याची वेळ आणि रस्त्याचा क्रमांक आधी कळवला असेल तर संध्याकाळी ते शोध सुरू करतात.

पाल्मवागजवळ जनावरांच्या रोगांसाठीचं तपासणी नाकं आहे. उत्तरेकडून दक्षिणेला येताना कच्चं मांस तिथे काढून घेतात.

सोसुसफ्लेईला पहाटे किती वाजता निघायचं?

सेसरीम इथल्या उद्यानाच्या फाटकापासून ६० किलोमीटर डांबरी रस्ता, मग शेवटचे ५ किलोमीटर खोल वाळू. उद्यानाच्या आत मुक्काम करणाऱ्यांना आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतात, बाहेरच्यांना सूर्योदयाला. टेकडीवरून सूर्योदय पाहायचा असेल तर लॉज आतलं आहे की बाहेरचं हे आरक्षणाच्या वेळीच बघा. नुसतं ‘फाटकाजवळ’ असून भागत नाही. शेवटच्या ५ किलोमीटरात गाडी रुतण्याचं कारण ठरलेलं: हवा न उतरवणं आणि मध्येच थांबणं. वाळूत चालवायची सवय नसेल तर डांबर संपतं तिथून सुटणाऱ्या गाडीत बसा.

डेडफ्लेई तिथून सुमारे एक किलोमीटर चालत. पांढऱ्या मातीवर उभी असलेली ती काळी झाडं ६०० ते ७०० वर्षांपूर्वी वाळली. हवा इतकी कोरडी आहे की ती अजून कुजलेली नाहीत. त्यांना हात लावू नका, टेकू नका, मुलांना चढू देऊ नका. ती पुन्हा उगवणार नाहीत. सकाळी १० च्या आत तिथून निघा, त्यानंतर वाळू बूट भेदून पाय भाजते.

तंबूत वीज आणि पाणी असतं का?

असतं, पण मोजकं. ‘तंबू’ म्हणजे लाकडी चौथऱ्यावर उभारलेली कॅनव्हासची खोली, आत पलंग आणि जोडून संडास-बाथरूम. वीज सौरऊर्जेवर. दिवे, फोन आणि कॅमेऱ्याचं चार्जिंग चालतं. हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर आणि छोटी इलेक्ट्रिक किटली चालत नाही. एका खोलीतल्या हीटरने साऱ्या तंबूंचे दिवे जाऊ शकतात. रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपणाऱ्यांनी आरक्षणावेळीच सांगावं, म्हणजे वेगळ्या बॅटरीची सोय होते.

पाणी बोअरचं, काही ठिकाणी मचूळ. प्यायचं पाणी गाळून वेगळ्या बाटलीत ठेवतात, दात घासायलाही तेच वापरा. काही कॅम्पवर अंघोळीला टांगलेल्या बादलीचा शॉवर असतो: साधारण २० लिटर गरम पाणी, ठरलेल्या वेळी सांगायचं. अंग भिजवा, तोटी बंद करा, साबण लावा, मग उरलेलं पाणी. ज्यांनी कधी टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढला आहे त्यांना शिकवायला नको.

प्लगची गंमत अशी की नामिबियातला मोठ्या तीन गोल पिनांचा प्लग आपल्याकडच्या गीझर आणि एसीच्या प्लगसारखाच आहे, दाबही २२० ते २३० व्होल्टच. महागडा जागतिक अ‍ॅडाप्टर घेऊ नका, त्यात बहुधा हीच पिन नसते. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून छोट्या पिनेचं मोठ्या पिनेत रूपांतर करणारा प्लग घ्या, दोन घ्या.

शाकाहारी जेवण मिळेल का? जैन?

मिळेल, कळवलंत तर. इथलं जेवण मांसाभोवती फिरतं: ओरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक, निखाऱ्यांवर भाजलेलं. भाजी-फळांचा ट्रक आठवड्यातून एकदा, कुठे पंधरवड्याने येतो. पाहुणे दारात उभे राहिल्यावर ‘आम्ही शाकाहारी’ म्हणाले तर आचारी काय करणार? बटाटा, भात आणि सॅलड. तेही तीन दिवस.

आरक्षण करताना आणि पुन्हा महिनाभर आधी, असं दोनदा लेखी कळवा. ‘व्हेजिटेरियन’ हा एक शब्द पुरत नाही. तिथे काहींना मासे चालतात, काहींना कोंबडीचा रस्सा. म्हणून यादीच द्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप नाही. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं नाहीत, हे नाव घेऊन लिहा. चालणाऱ्या गोष्टींची यादी त्याहून उपयोगी: मसूर, चणे, राजमा, भोपळा, वांगं, टोमॅटो, पालक, दही, भात. मसूर आणि चणे विंडहूकमध्ये सहज मिळतात, पण ते ट्रकच्या यादीत आधी चढायला हवेत.

सोबत न्यायला कोरडा, कारखान्यात बंद केलेला खाऊ बरा: भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, खाकरा, चिवडा, नुसतं गरम पाणी घातलं की होणारे उपमा-पोहे. ताजी फळं, बिया, मांस आणि दुधाचे पदार्थ सीमेवर अडवले जातात. तंबूत उघडं खाणं ठेवू नका. मुंग्या येतात, त्यांच्यामागे उंदीर आणि उंदरांमागे साप.

रात्री तंबूबाहेर जाता येतं का?

एकट्याने नाही. लॉजला कुंपण नसतं. हत्ती, तरस, कधी सिंहही तंबूंच्या मधून जातात. अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत वाटाड्या किंवा पहारेकरी सोबत येतो, आणि ‘दहा पावलांवर तर आहे’ म्हणून कोणी हा नियम मोडू नये. तंबूत शिट्टी किंवा भोंगा ठेवलेला असतो. तो आजारपणासाठी किंवा आत कोणी शिरलं तर वाजवायचा. बाहेर आवाज आला म्हणून नाही. चेन लावलेल्या कॅनव्हासच्या आत तुम्ही सुरक्षित असता, प्राण्याला ती भिंतच वाटते. चेन उघडून टॉर्च मारणं हीच चूक.

साप आणि विंचू?

आहेत. थंडीत क्वचित, उन्हाळ्यात जास्त. विंचवाबद्दल एक खूण लक्षात ठेवा: नांगी जाड आणि पुढचे चिमटे बारीक असतील तर तो जास्त विषारी, चिमटे जाड आणि नांगी बारीक असेल तर कमी. सकाळी बूट उलटे करून आपटा, ओला टॉवेल जमिनीवर टाकू नका, रात्री अनवाणी उठू नका. अतिनील (यूव्ही) किरणांचा छोटा टॉर्च असेल तर विंचू हिरवट चमकताना दिसतात, मुलांना हे फार आवडतं. नामिबियात झेब्रा साप म्हणतात तो पट्टेदार नाग घरात शिरतो आणि डोळ्यांकडे विष फेकतो. तसं झालंच तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं डोळे धुवायचे आणि लगेच लॉजला कळवायचं.

झुडपांपैकी डमारालँडमधला निवडुंगासारखा दिसणारा शेराच्या कुळातला झुबका विषारी आहे. गेंडे आणि कुडू तो खातात, माणसाला त्याचा चीक आणि धूर दोन्ही घातक. वाळलेली काडी म्हणूनही चुलीत घालू नका.

मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का? आजारी पडलो तर काय?

सोसुसफ्लेई आणि किनाऱ्यासाठी नाही. डमारालँड आणि काओकोलँडचा मोठा भाग कुनेने प्रांतात येतो, तिथे विशेषतः पावसाच्या महिन्यांत धोका असतो. इटोशातही असतो. तारखा आणि ठिकाणं दाखवून डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

लॉजवर प्रथमोपचार मिळतो, डॉक्टर नसतो. गंभीर रुग्णाला विमानाने विंडहूकला हलवतात आणि त्याचा खर्च मोठा असतो, म्हणून विम्यात ‘हवाई रुग्णवाहिका’ स्पष्ट लिहिलेली हवी. विम्याचा २४ तासांचा क्रमांक लॉजच्या व्यवस्थापकाकडे पहिल्याच दिवशी द्या. रोजची औषधं दुप्पट घ्या: अर्धी तुमच्याकडे, अर्धी जोडीदाराच्या बॅगेत, सोबत चिठ्ठी. सगळ्यांत जास्त त्रास होतो तो कोरड्या हवेचा. घाम येतो पण लगेच उडून जातो, म्हणून आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं आणि पाणी कमी प्यायलं जातं. डोकं दुखणं ही पहिली खूण. दिवसाला ३ लिटर पाणी, त्यात एक-दोन पुड्या ओआरएस. रक्तदाबाच्या रुग्णांनी ओआरएसचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

कपडे कोणते न्यावेत?

थरांचे. जुलैत पहाटे ६ वाजता उघड्या जीपमध्ये लोकरी टोपी, हातमोजे आणि जाड जाकीट लागतं, ११ वाजता सुती सदऱ्यात घाम फुटतो. पांढरे आणि भडक रंग नकोत. बहुतेक लॉज जीपमध्ये पांघरूण आणि गरम पाण्याची पिशवी देतात, ती नाकारू नका. बूट घोट्याच्या वर हवेत आणि आधी वापरून मऊ केलेले हवेत.

गेंड्याच्या मागे पायी जाणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे. पाल्मवागच्या परिसरात १९८२ पासून सेव्ह द राइनो ट्रस्ट काम करते. त्यांचे माग काढणारे पहाटे निघतात, पाऊलखुणा आणि लीद पाहत गेंडा शोधतात आणि मग बिनतारी संदेशावरून पाहुण्यांच्या गाडीला बोलावतात. गेंड्याची नजर अधू असते, नाक आणि कान तिखट. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, एका ओळीत, न बोलता जायचं आणि साधारण १०० मीटरवर थांबायचं. गेंड्याने डोकं वर करून कान फिरवले की माग काढणारे परत फिरतात. त्या दिवशी फोटो मिळाला नाही तरी चालेल. या ओसाड मुलुखात बिचकवलेला गेंडा पाण्यापासून दूर पळतो आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते. अत्तर लावू नका. दगडगोट्यांवरून दोन-तीन तास चालण्याची तयारी हवी.

फोनमधली ‘लोकेशन’ची सोय बंद करूनच फोटो काढा आणि जागेचं नाव, दरी, पाणवठा काहीही समाजमाध्यमांवर लिहू नका. शिकारी टोळ्या फोटोंवरूनच जागा काढतात.

ड्रोन नेता येईल का? हिंबा लोकांचे फोटो?

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

हिंबा ही काओकोलँडमधली पशुपालक जमात. त्यांच्या वस्तीवर वाटाड्यासोबतच जा, आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार, मग विचारून फोटो. मुलांना चॉकलेट वाटू नका. काही द्यायचंच असेल तर पीठ, साखर, तेल असं घरी लागणारं सामान वाटाड्यामार्फत द्या, आणि तिथल्या बायकांनी बनवलेलं काही विकत घ्या. आपल्या दारात अनोळखी गाडी थांबून कोणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्याला कसं वाटेल, तेवढाच हिशेब.

वाट सोडून गाडी नेऊ नका, वाटाड्याला तसा आग्रहही करू नका. खडीच्या माळावर उमटलेली चाकोरी दशकानुदशकं तशीच राहते, तिच्याखाली चिरडलेलं दगडफूल वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही.

आकाश पाहायला कधी जावं?

अमावास्येच्या आगेमागे चार दिवस. नामिबरँड हे २०१२ मध्ये आफ्रिकेतलं पहिलं आंतरराष्ट्रीय काळोखी आकाश अभयारण्य ठरलं. महाराष्ट्रातून मे महिन्याच्या संध्याकाळी दक्षिण क्षितिजालगत जेमतेम दिसणारा त्रिशंकू तिथे चांगला वर चढलेला असतो. जून-जुलैत वृश्चिक आणि आकाशगंगेचा मध्यभाग डोक्यावर येतो. मॅजेलनचे दोन मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ध्रुवतारा मात्र क्षितिजाखाली, आणि तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबरच्या आसपास) मृग नक्षत्र उत्तरेला डोकं खाली करून उभं असतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० मिनिटं लागतात, फोन बघितला की पुन्हा पहिल्यापासून.

लहान मुलं आणि ज्येष्ठांना नेता येईल?

बऱ्याच लॉजवर किमान वयाची अट असते, पायी सफारीला ती आणखी वर असते. लेखी विचारा. ज्येष्ठांसाठी अडचण जीपच्या उंच पायऱ्यांची आणि हादऱ्यांची. हत्तींच्या शोधात दिवसभराची फेरी ६ ते ८ तासांची होते. कंबर किंवा मान दुखत असेल तर चालकाच्या शेजारची किंवा मधली जागा मागा, मागच्या चाकावरची नको. संपूर्ण दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाची फेरीही सांगून मिळते.

पैसे, टीप आणि फोन?

नामिबियाचा डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच, आणि रँड तिथे चालतो. नामिबियाचा डॉलर देशाबाहेर कोणी घेत नाही, म्हणून निघताना संपवा. दर विचारताना त्यात जेवणं, फेऱ्या, उद्यानाचं शुल्क आणि कपडे धुणं धरलंय का हे एकेक करून विचारा. स्वस्त दिसणाऱ्या दरात पुष्कळदा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच असतं, फेरीचे पैसे वेगळे. एकट्या प्रवाशाला जादा आकार पडतो. वाटाड्याला माणशी दिवसाला साधारण १० अमेरिकी डॉलर टीप देण्याची पद्धत आहे. बाकी कर्मचाऱ्यांसाठी सामाईक पेटी असते, तिला विसरू नका, कारण आचारी आणि धोबी पाहुण्यांसमोर येत नाहीत.

डमारालँडमधली अनेक लॉज स्थानिक लोकांच्या संवर्धन क्षेत्रांत आहेत. १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या जमिनीवरच्या वन्यजीवांतून उत्पन्न मिळवण्याचा हक्क मिळाला आणि १९९८ मध्ये तोरासारखी पहिली क्षेत्रं नोंदली गेली. तुमच्या लॉजच्या भाड्यातला किती वाटा त्या क्षेत्राला जातो, हे विचारायला संकोच करू नका. चांगलं लॉज आकड्यानिशी उत्तर देतं.

मोबाइलला रेंज नसते. वाय-फाय उपग्रहाचं, बहुतेक वेळा फक्त बैठकीच्या जागेत. घरच्यांना आधी सांगा की दोन दिवस फोन आला नाही तरी काळजी नको, आणि भारताची वेळ साडेतीन तास पुढे आहे हे धरून बोलण्याची वेळ ठरवा.

एका लॉजवर किती रात्री राहावं?

तीन. पहिला दिवस पोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी प्राण्यांचा माग लागेल किंवा हुकेल. तिसरा दिवस हाताशी असेल तर वाटाड्याला तुमच्या आवडीनिवडी कळलेल्या असतात आणि हुकलेल्या गोष्टीसाठी तो पुन्हा दुसऱ्या पात्रात जाऊ शकतो. तीन रात्रींत तीन लॉज बदलणारे पाहुणे वाळवंटापेक्षा रस्ताच जास्त पाहतात.